चाचांची हिरवी भांडी

भाड्याची खोली बघायला गेल्यावर घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. माणसं किती, पाणी किती लागतं, मटण करता का, पाहुणे फार येतात का. केडगावात स्टेशनापलीकडच्या त्या घराच्या मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. अंगात बंडी, डोक्याला पांढरी गोल टोपी आणि दोन्ही हात कोपरापर्यंत वाळलेल्या मातीनं माखलेले. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि विचारलं, “बाई, ताक कशातनं पिता?”

“स्टीलच्या पेल्यातून,” मी म्हणाले.

जवळचं कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसा त्यांचा चेहरा झाला. मग स्वतःला सावरून म्हणाले, “बरं. राहा तुम्ही. हळूहळू सुटंल.”

मी खुटबावच्या शाळेत शिक्षिका होते आणि नवरा शिरूरकडे एका कारखान्यात. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या घरात आम्ही सहा वर्षं काढली. माणूस घरमालकाला विसरायला उत्सुक असतो, पण या घरमालकाला विसरणं मला जमलेलं नाही. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा, मीही तेच म्हणू लागले.

चाचा भांडी बनवायचे. लाल मातीची मडकी नव्हेत. लोणच्याची चिनी मातीची बरणी असते ना, त्या जातीची दगडासारखी पक्की भांडी. वाट्या, ताटल्या, पेले, बरण्या. विजेच्या खांबावर चिनी मातीचे पांढरे डोंगे असतात, ते करणाऱ्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. कारखाना बंद पडल्यावर ते घरी आले आणि परसात भट्टी बांधली. माती चंद्रपूरकडून पोत्यांनी यायची. वरची झिलई मात्र इथलीच. तिला ते कारखान्याच्या सवयीनं ‘ग्लेज’ म्हणत. शेतातली काळी माती आणि गुऱ्हाळाची राख पाण्यात कालवायची, त्यात भांडं बुडवायचं आणि भाजायचं. आमच्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळांना तोटा नाही. उसाच्या चिपाडाच्या जाळावर गूळ शिजतो, खाली राखेचे ढीग पडतात. तीच राख भट्टीत वितळली की तिची काच होते आणि भांड्याला तपकिरी तकाकी येते. हे ऐकून मी थक्क झाले होते. चाचांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

भांडं हवं असेल तर आधी त्यांना स्वयंपाकघर दाखवावं लागे. नुसतं ‘एक बरणी द्या’ म्हणून चालायचं नाही. ते येऊन उंबऱ्यावर बसत आणि म्हणत, “तुमचं चालू द्या.” बाई संकोचून भाकरी थापायला लागे. चाचा तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. ओटा किती उंच, मीठ डावीकडे की उजवीकडे, बरणीत चमचा घालते की बोटं. सुरुवातीला सासवांनी बराच गहजब केला. पुढे पुढे मात्र आमच्या भागात कुणाच्याही चुलीपर्यंत जाणारे परके पुरुष दोनच राहिले, एक गॅसची टाकी आणणारा आणि दुसरे चाचा.

माझ्या उजव्या हाताचं बोट लहानपणी दारात चेमटलं, तेव्हापासून ते वाकडं आहे. लग्नाच्या वेळी आईनं पाहुण्यांपुढे चहा देताना ते पदराखाली ठेवायला सांगितलं होतं. चाचांनी मला पहिला कप दिला तेव्हा त्याचा कान इतरांच्या कपापेक्षा मोठा होता आणि आत एका बाजूला दाबलेला. माझं वाकडं बोट त्यात बरोबर बसलं. त्या बोटाविषयी ते चकार शब्द बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी दार लावून थोडं रडून घेतलं आणि मग त्यात चहा प्याले.

त्यांच्या भांड्यांचा एक कायदा होता, भांडं वापरलं पाहिजे. मी एकदा त्यांनी दिलेला तांब्याएवढा जग टीव्हीशेजारी काचेच्या कपाटात ठेवला आणि त्यात प्लॅस्टिकची फुलं घातली. मला ते फार सुरेख वाटत होतं. चाचा नळ गळतो म्हणून बघायला आले. नळ बघितला, कपाट बघितलं. फुलं काढून माझ्या हातात दिली आणि जग काखेत मारून निघून गेले. नळ तसाच गळत राहिला. चार महिन्यांनी मी जाऊन सांगितलं, “चाचा, पाहुणे यायचेत, मठ्ठा वाढायला काही नाही.” तेव्हा जग परत मिळाला.

फुटलेल्या भांड्याचा त्यांना राग नसे. उलट कुणी तुकडे घेऊन आलं की खूश. “वापरलं म्हणून फुटलं,” म्हणायचे आणि कसं फुटलं त्याची फौजदारासारखी चौकशी करायचे. एका सुनेनं सांगितलं, “आपोआप फुटली हो चाचा, मी हातसुद्धा लावला न्हाई.”

“भांडं आपोआप फुटत न्हाई, पोरी. कुणाचं तरी ध्यान दुसरीकडं असतंय,” चाचा म्हणाले. मग आवाज उतरवून विचारलं, “माहेरी सगळं बरं हाय न्हवं?”

बरं नव्हतं. तिचा बाप अंथरुणाला खिळला होता आणि तिला कुणी पाठवत नव्हतं. चाचांनी नवी वाटी देण्याच्या निमित्तानं तिच्या सासऱ्याला गाठलं आणि दुसऱ्या दिवशी ती माहेरच्या एस.टी.त बसली.

पुण्याहून एकदा गाडी करून माणसं आली होती. त्यातल्या बाईंना कोपऱ्यात ठेवायला मोठी बरणी हवी होती. “त्यात काय घालणार?” चाचांनी विचारलं. “काही नाही, अशीच ठेवणार,” बाई म्हणाल्या. “मग तुम्हीबी असंच जावा,” असं म्हणून चाचा पुन्हा चाकावर बसले. मी ओशाळून त्या लोकांना चहा पाजला.

या सगळ्यात गंमत अशी की खुद्द त्यांच्या घरात चाची स्टीलच्या ताटात जेवायच्या. “पडलं तर वाजतं, फुटत न्हाई,” त्या म्हणायच्या. “आन् घरात एक दीवाना बस झाला.” चाचा त्यांच्यासमोर बसून आपल्या मातीच्या ताटलीत जेवायचे. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा एक वाद दोघांनी मिटवला नव्हता. मिटवावा असं दोघांनाही वाटत नसावं.

प्रत्येक भट्टी उघडली की घरात लिंबाचा वास यायचा. त्या खेपेचं एक भांडं निवडून चाचा त्यावर अर्धं लिंबू उपडं ठेवायचे, चोवीस तास. लिंबाखाली डाग पडला तर ग्लेज कच्चा, भांडी फोडायची. डाग नाही पडला तर भांडी लोकांत जायची. “आंबट जिकलं का सगळं जिकलं,” ते म्हणत. त्यांच्याइतका सावध माणूस मी पाहिला नाही. आणि त्याच माणसाच्या हातून ती चूक झाली.

झालं असं. खुटबावच्या वाटेवर एक गुऱ्हाळ होतं. त्याच्या मालकांना सगळे बापू म्हणायचे. चांगली बागायत, सोसायटीत शब्दाला वजन, आणि चाचांचे बालमित्र. राख तिथूनच यायची. चाचा एरवी स्वतः जाऊन, स्वतः चाळून राख आणायचे. एकदा बापूंनी ती परस्पर गड्याकडून चाळून घेतली, पोतं शिवलं आणि ट्रॅक्टरनं दारात पाठवलं. “आता या वयात तुम्ही कशाला वाकायचं?” असा निरोप. मित्रानं दिलेला मान चाचांनी घेतला. चाळून आलेली राख पुन्हा चाळणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर संशय घेणं, हे आमच्याकडे कुणालाही समजेल. त्यांनी पोतं उसवलं आणि राख तशीच बादलीत ओतली.

त्या भट्टीत निम्मी भांडी जुन्या राखेची होती, ती नेहमीसारखी तपकिरी आली. नव्या राखेची अठरा भांडी मात्र हिरवी निघाली, ओल्या शेवाळासारखी. असा रंग कुणी पाहिला नव्हता. चाचाही हरखून गेले. लिंबू ठेवलं ते नेमकं एका तपकिरी पेल्यावर. डाग पडला नाही. हिरव्या भांड्यांवर बायकांच्या उड्या पडल्या. मीही भांडून एक बरणी मिळवली आणि तिच्यात लिंबाचं लोणचं घातलं.

दीड महिन्यानं लोणचं अर्धं संपलं तेव्हा मला दिसलं की जिथवर लोणचं होतं तिथवर आतली हिरवाई उडून पांढुरका पट्टा झाला आहे. मी बरणी घेऊन चाचांकडे गेले. खरं सांगते, तक्रार करायला मिळते आहे याचा थोडा आनंदच झाला होता. चाचांनी आत नख ओढलं. नखाला पीठ लागलं. त्यांनी माझं लोणचं परसातल्या खड्ड्यात पालथं केलं आणि सायकल काढली.

तासाभरानं परतले ते मूठ मिटून. मूठ उघडली तर राखेत काळ्या तारांचे तुकडे होते.

“टायर,” ते म्हणाले. “चिपाड कमी पडतंय म्हणून जुनी टायरं जाळत्यात, प्लॅस्टिक जाळत्यात. गड्यानं तारा चाळून काढल्या आन् खालचं इख मला धाडलं. आन् म्या ते लोकांच्या ताटात वाढलं.”

मी म्हणाले, “चाचा, चूक त्यांची आहे.”

“राख त्यांची हाय. भांडं माझं हाय.”

दुसऱ्या दिवसापासून ते सायकलला पाटी बांधून हिरवी भांडी गोळा करायला निघाले. रविवारी मीही माझी लुना काढून बरोबर गेले, बाईच्या शब्दाला बायका मान देतील म्हणून. नवरा कपाळाला हात लावून घरी बसला. प्रत्येक दारात चाचांचं वाक्य एकच असे, “माझ्या हातनं चूक झाली. हे मला द्या, दुसरं देतो.” राखेचं नाव नाही, गुऱ्हाळाचं नाव नाही. बायका भांडी द्यायला नाखूश. वरवंडच्या एका बाईंनी तर ताटली पाठीमागे धरली. “आम्ही जेवत न्हाई त्यात. फुलं ठेवू,” त्या म्हणाल्या.

“आज फुलं ठेवशीला,” चाचा म्हणाले, “उद्या तुमची नात त्यात कैरी कापून खाईल. द्या हिकडं.”

सतरा भांडी परत आली. अठरावं होतं बापूंच्या घरात.

ती बापूंच्या आईची वाटी. सगळे त्यांना मोठ्या काकी म्हणत. वय पंच्याऐंशीच्या पुढचं, हात सारखे कापायचे. घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा अंगावर सांडायचा. सून प्रेमळ होती, भरवायची. पण ज्या बाईनं चाळीस माणसांच्या पंगती उठवल्या तिला दुसऱ्याच्या हातून घास घेणं सोसत नव्हतं. दोन घास खाऊन ‘बास’ म्हणायची. चाचा तीन दुपारी तिच्यासमोर बसून राहिले होते. मग त्यांनी बुडाला जड अशी वाटी केली, एका बाजूची कड उंच आणि आत वळलेली. बोटांनी आमटी-भाकरीचा काला त्या कडेवर दाबला की घास आपोआप बोटांत गोळा व्हायचा. त्या वाटीनं काकी पुन्हा आपल्या हातानं जेवू लागल्या होत्या.

आम्ही जाण्याआधी बापूच आमच्या दारात आले. “चाचा, गावात काय बोलताय? हंगाम चालू हाय, गुळाचं नाव खराब व्हईल.”

“मी तुमचं नाव कुठं काढलं, बापू? मी माझंच नाव सांगत फिरतोय. काकींची वाटी तेवढी द्या.”

बापू खाली बघत म्हणाले, “ती राहू द्या. ती काढून घ्यायची माझी छाती न्हाई.”

म्हणून चाचा स्वतः गेले. मी सोबत होते. काकींनी वाटी पोटाशी धरली. “मी आता वर जायला टेकले. मला काय व्हनार हाय? खाऊ दे की हातानं.”

“आठ दिस द्या, काकी. तशीच दुसरी आणतो.”

“आन् आठ दिस मी काय खाऊ? सुनंच्या हातचं?”

 चाचा समोरून हलले नाहीत. शेवटी काकींनी वाटी त्यांच्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “घिऊन जा. पर नवी यीस्तवर मी काय खानार न्हाई. दूध पिईन.”

पंच्याऐंशीच्या पुढची बाई, आणि आठ दिवस दुधावर. त्या रात्री चाचाही ताटावरून उठले, हे चाचींनी मला सांगितलं.

दोन महिन्यांतून एकदा, पूर्ण भरल्याशिवाय चाचा भट्टी पेटवत नसत. त्या आठवड्यात त्यांनी एका वाटीसाठी भट्टी लावली. गावानं तोंडाला पदर लावून हसून घेतलं. रिकामी भट्टी नीट तापत नाही म्हणून त्यांनी आत जुन्या विटा रचल्या आणि मधोमध तीन सारख्या वाट्या ठेवल्या. “एक तडकंल, एक वाकंल, एक काकींची,” ते मला म्हणाले. राखेचं काय, हा प्रश्न होता. वाट्या वाळत असताना बापू एक दिवस डबा घेऊन आले. घरामागे चूल मांडून त्यांनी स्वतः नुसतं चिपाड जाळलं होतं, भुवयासुद्धा होरपळल्या होत्या. चाचांनी त्यांच्यासमोर ती राख तीनदा चाळली आणि मग जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला लोहचुंबक तिच्यातून फिरवला. बापू चाळणीकडे बघत होते.

पहाटे पेटवलेली भट्टी वेड्या बाभळीच्या लाकडांवर संध्याकाळपर्यंत चालली. ती निवायला दीड दिवस गेला. एक वाटी खरंच तडकली होती. उरलेल्या दोन्ही तपकिरी, नितळ. बापू जीप घेऊन दारात थांबले होते. सातवा दिवस होता आणि काकी उठून बसत नव्हत्या. चाचांनी एक वाटी उचलली, अर्धं लिंबू कापलं आणि ते वाटीत उपडं ठेवलं.

“चाचा, आता लिंबू कशाला?” बापू ओरडले. “आई उपाशी हाय!”

“म्हणूनच,” चाचा म्हणाले. “बापू, अजून एक दिस.”

मला त्या क्षणी चाचांचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, त्या माणसाला मी त्याच दिवशी पुरतं ओळखलं.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली डाग नव्हता. सुनेनं आमटीत भाकरी कुस्करली आणि वाटी काकींच्या पुढ्यात ठेवली. त्यांना पाठीला उशी लावून बसवलं होतं. कापरी बोटं वाटीत गेली, वळलेली कड त्यांना सापडली आणि घास गोळा झाला. तोंडापर्यंत जाताना एक कणही सांडला नाही. सून दाराआड जाऊन रडली. काकी सावकाश जेवत होत्या. चार घासांनंतर त्यांनी चाचांकडे बघितलं.

“चूक झाली, चूक झाली म्हणत गावभर फिरलास म्हनं. काय चूक केलीस?”

“राख न चाळता घेतली, काकी.”

“कुनाची राख?”

 चाचांनी चटईचा एक काडीएवढा धागा ओढायला घेतला.

“आपल्या गुऱ्हाळाची, आई,” दारातून बापू म्हणाले. “टायरं जाळत हुतो.”

काकींनी पुढचा घास केला. तो खाल्ला. वाटी पुसून घेतली. मग विचारलं,

“आन् गूळ कुनी खाल्ला रं?”

 बापू चौकटीला धरून उभे होते. मान खाली घातली ती चाचांनी; दारोदार फिरताना गुऱ्हाळाचं नाव त्यांनीच गिळलं होतं.